पलीकडच्या खोलीतला प्रतिस्पर्धी

आमच्या प्रयोगशाळेत एका माणसाला निव्वळ त्याचा चेहरा बघून कामाला लावलं होतं. काम असं, की पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि अनोळखी माणसांनी आपल्याला त्रास द्यायचा ठरवला तर देऊ द्यायचा. सगळे त्यांना प्रतिस्पर्धी काका म्हणायचे. त्या अख्ख्या इमारतीत इतका निरुपद्रवी माणूस दुसरा नव्हता, त्यामुळे हे नाव त्यांना आणखीच शोभायचं.

मी तेव्हा मॅडमच्या हाताखाली संशोधन करत होते. मारधाडीचे, युद्धाचे व्हिडिओ गेम खेळून माणूस खरंच आक्रमक होतो का, हा मॅडमचा विषय. त्यावर घरोघरी आईबाप भांडत होते, पेपरात अग्रलेख येत होते आणि ज्याला त्याला उत्तर आधीच माहीत होतं. मॅडमना तेवढं माहीत नव्हतं. म्हणून त्या मोजायला बसल्या होत्या.

आता आक्रमकपणा मोजायचा कसा? समोरच्याच्या थोबाडीत मारा, असं काही कोणाला सांगता येत नाही. मग आमची युक्ती अशी होती. प्रयोगाला आलेल्या माणसाची आधी बाहेरच्या बाकावर काकांशी ओळख करून द्यायची. ‘हेही तुमच्यासारखेच प्रयोगाला आलेत,’ असं सांगायचं. दोघं हात मिळवायचे आणि आपापल्या खोलीत जायचे. प्रयोगाला आलेल्या पाहुण्याला थोडा वेळ गेम खेळायला द्यायचा. निम्म्या लोकांना युद्धाचा, निम्म्यांना बागेचा. बागेच्या गेममध्ये वाफे करायचे, रोपं लावायची, झारीने पाणी घालायचं. त्यानंतर खरी परीक्षा. पडद्यावर दिवा लागला की जो आधी बटण दाबेल तो जिंकला, आणि हरलेल्याच्या कानात किती मोठा आवाज सोडायचा हे जिंकलेल्याने ठरवायचं. शून्य ते दहा. दहा म्हणजे अगदी कानठळ्या.

पाहुण्याला वाटायचं, आपण काकांशी खेळतोय. प्रत्यक्षात काकांच्या हेडफोनची वायर टेबलामागे गाठ मारून लोंबत ठेवलेली होती. जिंकवणारा, हरवणारा आणि पाहुण्याच्या कानात आवाज सोडणारा, तिन्ही कॉम्प्युटरच. काकांसमोर एक छोटा पडदा असायचा, त्यावर पाहुण्याने निवडलेले आकडे यायचे. ते बघत काका शब्दकोडं सोडवायचे. सगळं संपलं की आम्ही पाहुण्याला खरं काय ते सांगायचो, काका बिस्किटांची बशी घेऊन यायचे आणि पाहुणा ओशाळून हसायचा.

खरा माणूस बसवायची गरज पडली, कारण आधी कोणालाच पटेना की पलीकडे कोणी आहे. तेव्हा काका लॅबची कुलपं उघडायचे, यंत्रं पुसायचे, चहा करायचे. मॅडमनी एक दिवस त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, “काका, तुमच्या तोंडाकडे बघून कोणाला दहा द्यावंसं वाटणार नाही. आणि तरी कोणी दिलं, तर ते गेममुळे दिलं असं म्हणता येईल.”

“आणि शून्य दिलं तर ते माझ्यामुळे?” काकांनी विचारलं.

मॅडम हसल्या, पण मग विचारात पडल्या. तो प्रश्न त्यांनी टिपून घेतला, हे मी बघितलं.

एकच अट होती. कोणी किती आकडा दिला हे त्या खोलीबाहेर जायचं नाही. घरीदारी, हसण्यावारीसुद्धा नाही. काका म्हणाले, “मॅडम, मी फौजेत होतो. तिथे संध्याकाळी जेवायला काय आहे हेसुद्धा गुपित असायचं.”

फौजेत ते ट्रक चालवायचे. रसद पोचवणाऱ्या तुकडीत. विशीत असताना त्यांनी एकच मोहीम बघितली, डोंगरातल्या खिंडीची. बर्फ पडायच्या आत खिंड ओलांडून पलीकडचं गाव ताब्यात घ्यायचं होतं, आणि पुढे गेलेल्या हजारो माणसांच्या पोटात जाणारं सगळं या ट्रकांमधून जात होतं. त्या मोहिमेबद्दल विचारलं तर काका पंक्चरच्या गोष्टी सांगायचे. नाहीतर बटाट्यांच्या. वर नेलेले बटाटे गारठून कसे दगडासारखे झाले आणि स्वयंपाक्याने त्यातला एक वैतागून अधिकाऱ्याच्या तंबूवर कसा फेकला, ही त्यांची आवडती गोष्ट. गोळ्या, माणसं, मरण, याबद्दल त्यांच्या तोंडून मी त्या वेळपर्यंत अवाक्षर ऐकलं नव्हतं.

डावा कान मात्र तिथेच ठेवून आले होते. त्या बाजूने त्यांना काही ऐकू यायचं नाही. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती, उलट त्या कानाचा त्यांनी संसारात चांगला उपयोग करून घेतला होता. काकूंनी नको ते काम सांगितलं की काका सावकाश मान वळवून डावा कान पुढे करायचे. काकू मग पंखा बंद करून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन तेच काम दुप्पट मोठ्याने सांगायच्या.

एकदा दुपारी ठरलेला पाहुणा आला नाही, तेव्हा काका म्हणाले, “मी खेळून बघू का तो युद्धाचा?” मॅडम जरा कचरल्या. खऱ्या युद्धातून आलेला माणूस, काय आठवेल, काय होईल. पण काका तोवर खुर्चीत बसलेही होते. पुढचा अर्धा तास त्यांनी लॅब डोक्यावर घेतली. “अरे मागे बघ! मागे! गाढवा, पूल सोडू नको!” टेबलावर मूठ आपटत होते, उठत होते, बसत होते. तीनदा मेले आणि तिन्ही वेळा पुन्हा उठून पळाले. मी आणि मॅडम दारात उभ्या.

“काका, राग आला का?” मॅडमनी नंतर हलकेच विचारलं.

“आला ना! त्या पुलावरच्या मशीनगनवाल्याचा फार आला.” काका घाम पुसत होते. “पण मजा आली हो. इथे मेलेला माणूस पुन्हा उठतो. याला मी युद्ध नाही म्हणत, सुट्टी म्हणतो. चहा टाकू का?”

तर असे हे काका. त्यांना एकुलती एक मुलगी. ती दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायची. मेणात दात बसवणं, हिरड्यांचा रंग जुळवणं, असं नाजूक काम. काका तिला ‘दंतकथा’ म्हणायचे. लहानपणी नव्हे, ती या कामाला लागल्यापासून. ती कधी लॅबमध्ये डबा द्यायला आली की खिशातून एखादा दात निघायचाच.

एका सकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीला एक उंच, सावळा, हसऱ्या तोंडाचा मुलगा आला. मनगटापर्यंत ग्रीस. काम संपल्यावर त्याने आमची भिंतीवरची सूचना वाचली, की प्रयोगाला बसणाऱ्यास कॅंटीनमध्ये जेवण मिळेल. त्याने हात धुतले आणि दारात येऊन विचारलं, “लिफ्टवाला चालेल का?”

न चालायला काय झालं? आम्हाला नोकरदार माणसं हवीच होती. काकांशी त्याची बाकावर ओळख झाली. “काका, तुम्हीपण?” त्याने अदबीने विचारलं. “हो, घरी बसून काय करायचं,” काकांनी ठरलेलं उत्तर दिलं. दोघांनी हात मिळवले.

त्याच्या वाट्याला बागेचा गेम आला. त्याने फार मन लावून वाफे केले. मग परीक्षा सुरू झाली. आधी त्याने काकांना एक दिला, मग दोन. पण कॉम्प्युटरचा कार्यक्रमच असा होता, की प्रतिस्पर्ध्याने हळूहळू वाढवत न्यायचं. त्याच्या कानात आधी पाच गेला, मग आठ, मग नऊ. काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता. भुवया वर गेल्या, जबडा आवळला. आणि मग त्याने दहा दिला. पुढच्या वेळी दहा. त्याच्या पुढच्या वेळीही दहा. शेवटपर्यंत दहाच.

शेवटचा आवाज संपतो न संपतो तोच त्याचा फोन वाजला. कुठल्याशा हॉस्पिटलची लिफ्ट मधेच अडकली होती, आत स्ट्रेचरवर पेशंट. तो हेडफोन भिरकावून धावला. मी जिन्यापर्यंत मागे पळाले. “अहो, थांबा! एक महत्त्वाचं सांगायचंय!”

“नंतर!” दोन मजले खालून आवाज आला.

मी त्याला दोन-तीनदा फोन केला. त्याने उचलला नाही. अनोळखी नंबर म्हणजे कोणीतरी कुठेतरी लिफ्टमध्ये अडकून शिव्या देतंय, असा त्याचा अनुभव असल्याचं पुढे कळलं. मग दुसरे पाहुणे आले, दुसरी कामं आली, आणि खरं सांगायचं तर ते राहून गेलं.

त्या दिवशी काका खोलीतून बाहेर आले ते डोकं खाजवत. “बाग होती ना याला?”

“बागच होती.”

“फुलांना पाणी घालून माणूस इतका तापतो?”

थोड्याच दिवसांनी दंतकथेने घरी सांगितलं, की रविवारी एकाला जेवायला बोलावलंय. लग्न करीन तर त्याच्याशीच. काकू कामाला लागल्या. पडदे धुतले, खुर्चीचा हलणारा पाय काकांकडून ठीक करून घेतला, काकांचा बरा शर्ट इस्त्री केला. रविवारी दुपारी बेल वाजली, काकांनी दार उघडलं, आणि समोर ग्रीस नसलेल्या हातात फळांची पिशवी घेऊन लिफ्टवाला उभा.

मुलीचे वडील कुठे कामाला आहेत ते त्याला नेमकं माहीत नव्हतं. दोघांनीही एकमेकांना तत्क्षणी ओळखलं. दोघांच्याही तोंडचं हसू जागच्या जागी राहिलं.

“बाबा, आत तर येऊ द्या त्याला!” मागून मुलगी म्हणाली.

“या,” काका म्हणाले. पुढे काहीच बोलले नाहीत. काय बोलणार? त्यांनी शब्द दिला होता. त्या खोलीतलं त्या खोलीत. हा मुलगा स्वतःहून विषय काढतो का बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि पाण्याचा तांब्या उचलला.

मुलाने विषय काढला होता, हेच काकांना कळलं नाही. काकू आणि मुलगी स्वयंपाकघरात होत्या, तेव्हा तो खुर्ची ओढून काकांच्या जवळ बसला, नेमका डाव्या बाजूला, आणि खालच्या आवाजात म्हणाला, “काका, त्या दिवशीचं… मला फार लाज वाटते. माफ करा.” काका शांतपणे ग्लासात पाणी ओतत राहिले. ना मान हलवली, ना वळून बघितलं.

काकूंनी ताट आणता आणता ते बघितलं. “अरे, त्या बाजूने नको बोलूस. तो कान कामातून गेलाय त्यांचा. पडदाच फाटला.”

“पडदा? कशाने?”

“आवाजाने रे. धडाम धडाम नुसता. कोणाला समोरच्याच्या कानाची पर्वा असते का? डॉक्टर म्हणाले, आता काही व्हायचं नाही.” एवढं बोलून काकू चमचे आणायला आत गेल्या. हे कधीचं, कुठलं, ते सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या घरात ते खुर्च्या-टेबलाइतकं जुनं होतं.

मुलगा ताटातलं नुसतं चिवडत राहिला. काकूंनी आग्रह केला तर डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटामुळे असं त्याने सांगितलं, तर भाजी बिनतिखटाची होती. पोट बिघडलंय असं काहीतरी पुटपुटत तो जेवण अर्धवट टाकून निघून गेला.

दार लागल्याबरोबर दंतकथा वडिलांसमोर उभी राहिली. “बाबा, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत त्याच्याशी. असं का? तुम्ही ओळखता का त्याला?”

काकांनी सावकाश मान वळवून डावा कान पुढे केला. इतकी वर्षं या गोष्टीवर ती घर हलेपर्यंत हसली होती. त्या दिवशी हसली नाही. खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

पुढचे काही दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती. मुलाने तिला सांगून टाकलं, की मी तुझ्या लायकीचा नाही, का ते विचारू नकोस. ती वडिलांशी बोलेना. काकू दोघांशीही बोलेनात, कारण दोघंही काहीतरी लपवतायत एवढं त्यांनी ओळखलं होतं. शेवटी काका मॅडमच्या खोलीत आले आणि दार लोटून घेऊन उभे राहिले. मी तिथेच होते.

“मॅडम, मला एक शब्द मोडायचाय. मोडू की नको ते सांगा.”

त्यांनी सगळी हकीकत सांगितली. मॅडम आधी माझ्याकडे वळल्या. “त्याला खरं सांगितलं नव्हतंस?” मी मान खाली घातली. मला जे ऐकून घ्यावं लागलं ते लागलं, आणि ते रास्तच होतं.

मग त्या काकांना म्हणाल्या, “त्याचा आकडा तुम्ही मुलीला सांगू शकत नाही. तो त्याचा आहे. पण त्याला खरं सांगायची जबाबदारी आमची होती, ती आम्ही पार पाडू. हे झालं नियमाचं. तुम्हाला स्वतःला मुलगा कसा वाटतो?”

काका खुर्चीत टेकले. “तेच तर,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मी लोकांना बिस्किटं देताना सांगत आलो, मनावर घेऊ नका हो, आकड्यात काय आहे. आणि रविवारी तो माझ्या घरी जेवायला बसला तर मला त्याच्या कपाळावर दहा दिसायला लागला. दुसऱ्याच्या पोराचा दहा म्हणजे आकडा असतो मॅडम. माझ्या जावयाचा दहा म्हणजे दहा. उद्या माझी पोरगी याला उलटून एक शब्द बोलली तर हा काय करेल?”

मॅडमनी चष्मा काढला. त्या हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. “शेकडो माणसांचे आकडे एकत्र केले तर मला थोडंसं काहीतरी कळतं,” त्या म्हणाल्या. “थोडंसंच. एका माणसाच्या आकड्यावरून मला काही म्हणजे काही कळत नाही. माझ्या भावाला मी इथे बसवलं होतं. सगळे दहा. तो रस्त्यावरची लंगडी मांजरं घरी आणतो. आणि एका गृहस्थांनी सगळे शून्य दिले, ते जाताना माझी छत्री घेऊन गेले. तुमच्या मुलीला तो गेली दोन वर्षं माहीत आहे. माझ्या यंत्राला अर्धा तास.”

काकांनी मान डोलावली, पण चेहरा काही उजळला नाही.

आम्ही त्याला शोधायच्या आतच तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, हत्यारांची पिशवी खांद्याला, दाढी वाढलेली. मला म्हणाला, “तुमच्याकडे तक्रार कुठे नोंदवतात? माझ्याविरुद्ध.”

“तुमच्याविरुद्ध?”

“पलीकडच्या खोलीतल्या काकांचा कान मी घालवला. मी कानाच्या डॉक्टरांना भेटून आलो. ते म्हणाले, पेशंटला घेऊन या, बघू. मी सगळं करायला तयार आहे. पण मला त्यांच्या घरात पाय ठेवायला तोंड नाही.”

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याला ते अजिबात पटेना. मी त्याची समजूत काढायला गोष्ट रचतेय असंच त्याला वाटलं. शेवटी त्याला पलीकडच्या खोलीत नेलं. तो टेबलाखाली वाकला, हेडफोनची वायर हाताने चाचपत चाचपत शेवटपर्यंत गेला आणि ती गाठ हातात धरून तसाच बसला.

“ही तर कुठेच जोडलेली नाही.”

“नाही.”

“त्यांना काहीच ऐकू गेलं नाही?”

“काही नाही.”

त्याचा जीव भांड्यात पडेल असं मला वाटलं होतं. पडलाही, पण त्याआधी तो भडकला. आणि का भडकू नये? “तुम्हा लोकांना काय वाटतं? मी आठवडाभर झोपलो नाही! लग्न मोडायला निघालो होतो!” मग हळूहळू त्याचा आवाज खाली आला. “मग मला ते आठ आणि नऊ कोणी दिले?”

“कॉम्प्युटरने.”

“मी तर त्या काकांना मनातल्या मनात… जाऊ दे. काय काय म्हटलं ते सांगत नाही.”

तेवढ्यात काका चहा घेऊन दारात आले. त्यांना मी बोलावलं नव्हतं. मुलगा धडपडत उठला, टेबलाला डोकं आपटलं.

“काका, मला वाटलं सुरुवात तुम्ही केलीत!”

“मी?” काकांनी कप खाली ठेवले. “मी तेव्हा शब्दकोड्यात अडकलो होतो बाबा. आडवा शब्द, पाच अक्षरी. अजून नाही सुटला.”

मुलगा हसला, मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काका खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले, या वेळी त्याला आपल्या उजव्या बाजूला घेऊन. आणि तेव्हा त्यांनी कानाची गोष्ट सांगितली. मीही ती पहिल्यांदाच ऐकली.

खिंडीच्या तोंडाशी रस्ता खचला होता, ट्रकांची रांग थांबली होती. काका इतके दमले होते की एका मातीच्या बांधाला लागून ट्रक उभा केला आणि चाकांच्या मधे अंग टाकलं. दिवस उजाडता उजाडता त्यांच्याच फौजेच्या तोफा त्या बांधावर आल्या. खाली कोणी झोपलंय हे तोफांवरच्या माणसांना दिसत नव्हतं, आणि वर कोण आलंय हे काकांना. पहिली तोफ सुटली तेव्हा ते झोपेतच होते.

“जागा झालो तर जग हलतंय आणि आवाजच नाही. कानातून रक्त. थोड्या वेळाने एक गोलंदाज पोरगा खाली आला, पाणी आणायला असेल. मला बघितलं आणि मटकन खालीच बसला. तुझ्याएवढाच असेल. मला ऐकू येत नव्हतं, पण तो रडत होता ते दिसत होतं. खिशातून पायमोजे काढले आणि माझ्या हातात कोंबले. कोरडे मोजे, त्या थंडीत! द्यायला दुसरं काही नव्हतं त्याच्याकडे. मग वरून कोणीतरी हाक मारली असेल, तो गेला. पुन्हा तोफा सुरू झाल्या.”

“तुम्हाला राग नाही आला त्याचा?”

“त्याचा? छे. राग नंतर आला. मोहीम संपली, घरी आलो, लग्न झालं, आणि मग आला. कोणाचा ते कळेना. भांडं पडलं की राग, दार आपटलं की राग. काकूला विचार. गजराचं घड्याळ वाजलं म्हणून मी ते खिडकीतून रस्त्यावर फेकलं होतं. ती नवी नवरी, खाली गेली, तुकडे गोळा करून आणले आणि म्हणाली, उद्यापासून मी हाताने हलवून उठवत जाईन. बस, एवढंच म्हणाली. हळूहळू गेला राग. कधी गेला तेही कळलं नाही.” काकांनी कप त्याच्या हातात दिला. “तू तक्रार नोंदवायला आलास म्हणे. स्वतःविरुद्ध?”

“हो.”

“हे मॅडमच्या यंत्रात बसत नाही ना,” काका माझ्याकडे बघून म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

संध्याकाळी लिफ्टवाल्याच्या व्हॅनमधून दोघं घरी गेले. दंतकथेला सगळं त्याने स्वतःच सांगितलं, आकड्यासकट, वडिलांनी मधे एक शब्द न बोलता. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा दगडासारखा होता.

“सलग दहा?” तिने विचारलं.

“सलग.”

“आधी एक आणि दोन दिलेस? का?”

“म्हातारे गृहस्थ होते.”

“मी असते तर पहिल्यापासून दहाच दिला असता,” ती म्हणाली, आणि मग जी हसत सुटली ती थांबेना. वडिलांशी मात्र तिने आणखी दोन दिवस अबोला धरला. शब्द दिला होता हे तिला मान्य होतं, पण कान पुढे केलेला मान्य नव्हता. शेवटी काकांना दोन्ही हात जोडून, उजव्या कानाची शपथ घेऊन, पुन्हा असं करणार नाही असं कबूल करावं लागलं. काकूंना सगळ्यांत जास्त वाईट वाटलं ते बिनतिखटाच्या भाजीबद्दल. “मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली.”

लग्न साधंच झालं. मॅडम आल्या होत्या, मी होते. लिफ्टवाल्याचा आकडा आम्हाला हिशेबातून वगळावा लागला, कारण शेवटी खरं सांगायचं राहिल्यामुळे त्याचा प्रयोग रीतसर पूर्ण झालाच नव्हता. “म्हणजे माझे सगळे दहा वाया?” त्याने लग्नाच्या गर्दीतच विचारलं होतं.

पुढे मॅडमचा निबंध छापून आला. युद्धाचा गेम खेळलेल्या लोकांनी बागवाल्यांपेक्षा किंचित जास्त आवाज दिला होता. इतका किंचित, की तो निबंध हातात घेऊन काही विद्वान म्हणाले, बघा, होतोच परिणाम. आणि तोच निबंध हातात घेऊन दुसरे म्हणाले, बघा, काहीच होत नाही. आणि त्या किंचितातून खऱ्या रागाबद्दल, खऱ्या माणसांबद्दल किती बोलावं, याबद्दल मॅडमनी स्वतःच शेवटी सावधपणे लिहिलं होतं. काकांनी त्यांना विचारलं, “मग काय ठरलं?” मॅडम म्हणाल्या, “आणखी मोजायला पाहिजे.” काका म्हणाले, “मोजा. मी आहेच.”

पण ते लॅबमध्ये फार दिवस राहिले नाहीत. वय झालं, निवृत्त झाले. लॅबने त्यांना निरोप दिला त्या दिवशी जुने पाहुणे मुद्दाम आले होते, ज्यांनी त्यांना सात, आठ, नऊ दिले होते ते. कोणी कोणाला आकडा विचारला नाही.

मागच्या उन्हाळ्यात मुलगी आणि जावई त्यांना आणि काकूंना गाडीत घालून त्या खिंडीत घेऊन गेले. ही हकीकत मला दंतकथेने फोनवर सांगितली. आता तिथे रुंद, गुळगुळीत रस्ता आहे, वर जायला रोपवे आहे, लोक फोटो काढायला जातात. जावई आल्याबरोबर रोपवेच्या मोटारीपाशी गेला आणि तिथल्या कामगाराशी तासभर बोलत राहिला. काका तो मातीचा बांध शोधत फिरले. एका वळणावर वाटलं हाच, मग वाटलं पुढचा. काकू त्यांच्या उजव्या बाजूने चालत होत्या आणि धाप लागली तरी थांबा म्हणाल्या नाहीत. बांध काही सापडला नाही. रस्ता रुंद करताना गेला असेल. काकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. एका टपरीवर सगळे चहाला बसले, दरीकडे तोंड करून. ऊन होतं, वारा होता. टपरीवाल्याने सहज विचारलं, “आजोबा, पहिल्यांदाच आलात का इकडे?”

“नाही,” काका म्हणाले. “तरुणपणी आलो होतो एकदा, गाडी घेऊन. तेव्हा फार गर्दी होती.”